नोंद क्रमांक सात

शेंडा पार्कातून निघाली अकरा पाकिटं,
प्रत्येकावर क्रमांक, नाव एकालाही नाही.
कुणी वाळवंटाच्या काठचं,
कुणी कुठल्याशा देशातल्या खडकाच्या भेगेतलं.
बी बाजरीहून बारीक, आणि हट्टी:
रात्रभर पाण्यात ठेवलं
तरी सकाळी आत कोरडंच.

सँडपेपरवर घासलं.
कढत पाण्यात चार मिनिटं, घड्याळ लावून.
गुळाच्या पाण्यात जिवाणूंची काळी पूड कालवून
बियांना चोपडली.
गुऱ्हाळावरच्यानं विचारलं, एवढासा गूळ कशाला?
म्हटलं, लग्न आहे.

गगनबावड्याच्या वर, धनगरवाड्यामागे,
सड्यावर मातीची जाडी मोजली:
करंगळीची दोन पेरं.
चार महिने तिच्यावरून पाणी धावतं,
मग आठ महिने अनवाणी चालवत नाही.
"दिवाळीनंतरचं गवात म्हंजे नुसती काडी,"
भागूबाई झोरे म्हणाल्या,
"म्हस चघळती, पर दूध कुठनं यायचं?"

अकरातली आठ श्रावणात कुजली.
दोन शिमग्याआधी करपली.
सातवं तेवढं दगडाला पोट लावून राहिलं,
फूल पिवळं, मुगाच्या डाळीएवढं.
शेंगा धरल्या.

आणि एका दुपारी कुंपण मोडून
भागूबाईंची मोरी म्हैस आत शिरली
नि दोन वर्षांचा प्रयोग
डोळे मिटून, सावकाश खाऊन गेली.
वहीत लिहिलं: क्र. ७, नष्ट. कारण, म्हैस.
साहेबांनी म्हैस खोडून 'अपरिहार्य' केलं.
भागूबाई काही बोलल्या नाहीत.
ताकाचा तांब्या आणून ठेवला.

आषाढ सरताना निरोप आला.
पाणवठ्याच्या वाटेवर
विरघळत्या शेणाच्या प्रत्येक चकतीत
तीन-तीन पानांची झुंबड.
गोठा ते पाणवठा, मोरीच्या चालीची हिरवी रेघ;
जिथं ती अंग घासायला थांबते
तिथं जरा दाट.

एक रोप उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी.
नखानं चिरली: गुलाबी.
गुलाबी म्हणजे कामावर आहे.
"रगात हाय व्हय ह्याला?"
म्हटलं, हवेतलं खत ओढतं.
"हवेतलं," असं म्हणून त्यांनी वर बघितलं,
मग मोरीकडं.

वाड्यावरची पोरं त्याला मोरीचा पाला म्हणतात.
अहवालात अजून सातच आहे,
आणि 'पेरणीची पद्धत' या रकान्यावर
पेन टेकवून
मी बसलोय.