नऊ मिलिमीटर

प्लास्टर रूमची ड्यूटी दोनला सुटते.
मिरजेत हाडं मोडून येणाऱ्यांना तोटा नाही,
म्हणून मला डोंगरांनाही तोटा नाही:
पायांवरून कापून काढलेली कवचं
मी गोणीत भरून घरी नेतो.
वाकलेला गुडघा पालथा घातला
की दंडोबाची सोंड होते,
कोपराचा बाक म्हणजे फुकटचा ओढा.
वरून ओली पट्टी, तळवा दोनदा फिरवला
की सांधा दिसत नाही.
बायको म्हणते, रोग्यांचं आहे ते,
निदान डेटॉल तरी शिंपडा.
शिंपडतो.

गवत दस्तगीरच्या कारखान्यातलं.
तो सतारीचा दांडा तासतो,
मी खाली बसून भुसा भरून घेतो.
तुणाचा भुसा हिरवा रंग नीट धरत नाही,
तेव्हा ऋतूच बदलला.
माझ्या टेबलावर कायमचा वैशाख आहे.

माती म्हणजे चहाचा चोथा, तव्यावर परतलेला.
स्लीपर खराट्याचे, तारांचे खांब छत्रीच्या काड्यांचे.
सलाईनच्या खोक्यातला नागमोडी पुठ्ठा
भिजवून सोलला, की छपराचा पत्रा.
इंजिनला पाणी पाजायची सोंड? तीही सलाईनचीच.
आणि खिडक्यांच्या काचा जुन्या एक्स-रेच्या.
मास्तरच्या खोलीत दिवा लावला
तर फलाटावर कुणाच्या तरी बरगड्या पडल्या.
तीनदा काचा बदलल्या.
मग राहू दिल्या.

खरे रूळ अडीच फुटी होते.
सत्त्याऐंशीनं भागलं की नऊ मिलिमीटर उरतात.
माणूस भागला
तर दोन सेंटिमीटरही भरत नाही.

गौराक्का आली ती डावं मनगट छातीशी धरून.
प्लास्टर सुकेपर्यंत हात हलवू नये,
म्हणून मोबाइलवर तिला माझं टेबल दाखवलं.
तिनं फोन लांब धरला, जवळ धरला.
"ह्ये आमचं फाटक न्हवं का?
बेळंकीच्या अलीकडलं. आमचे मालक गेटमन हुते.
पन चिंच हिकडं न्हाई वो, तिकडं.
दुपारची सावली दारात यायची,
तितं बसून मी भाकरी थापायची.
आन चूल भाईर. आत धूर मावत न्हवता."
मी रेल्वेचा जुना नकाशा बघून बांधलं होतं.
नकाशात चूल नव्हती.
चिंचही नव्हती, ती मी आपली
मोकळी जागा दिसते म्हणून रोवलेली.

रात्री तांब्याच्या तारेची चिंच उपटली,
तिच्याबरोबर डोंगराचा पदर निघाला.
खालच्या कुणाच्या तरी नडगीवर
निळ्या बॉलपेननं लिहिलेलं:
लवकर पळायला लाग. सातवी ब.
इतकी वर्षं उचलतोय ही कवचं,
कधी वाचून बघितली नव्हती.
त्या रात्री पट्टी भिजवली नाही.

पाच वॉटचा सूर्य पश्चिमेला सरकवला,
चिंच सावलीच्या मापानं लावली.
चुलीला मोहरीएवढे तीन दगड.

दीड महिन्यानं हात सुटला तिचा.
कापलेलं मनगट पिशवीत घालून ती घरी आली,
"कुटंबी लावा," म्हणाली.
मग टेबलाशी वाकली. बराच वेळ वाकली.
"गाडी कुटाय?"
म्हटलं, इंजिन महाग आहे. पुढच्या बोनसला बघू.
ती काही बोलली नाही.
कापसाच्या काडीचं फाटक होतं, लाल-पांढरं रंगवलेलं,
ते तिनं करंगळीच्या नखानं
हळू खाली आणलं.
"साडेचारची यायची," म्हणाली,
आणि उभी राहिली.
मीही राहिलो.

बायको चहा घेऊन दारापर्यंत आली,
फाटक बंद बघून
तिथंच थांबली.