थिंग

फान देशू आले तेव्हा मी फळी तासत होतो.
सत्त्याहत्तरीचे, एक डोळा दुधाळ.
सागावर त्यांनी अंगठा फिरवला,
दुभाषी पोरीला काही पुटपुटले.
ती म्हणाली, "यांचे वडील शवपेट्या करायचे."
हर्णैच्या सुताराला ते लगेच कळलं:
दोन्हींत पाणी शिरता कामा नये.

सूरच्या खाडीवर, भात-मासळी खाताना
आयुष्य तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
पोरवयात खेचरावर रिळं लादून
गावोगाव पडदा बांधायचे.
पहिला सिनेमा अकरा वर्षं कुलपात.
सुटला तोवर नायिकेनं कापडाचं दुकान टाकलेलं.
पुढे बक्षिसं मिळाली.
कुठली, ते आठवेना.
खेचराचं नाव आठवत होतं.

शेवटचा प्रसंग एवढाच: नाव पाण्यात जाते.
आम्ही लोटायचो, ते म्हणायचे "थिंग".
थिंग म्हणजे थांबा.
पुन्हा दोर, पुन्हा वाळू, पुन्हा खांदे.
चौदा वेळा.
सलीम परकारनं बाणकोटी शिव्या हासडल्या,
पोरीनं त्याही इमानानं पोचवल्या.
म्हातारा पोट धरून हसला.

पंधराव्या वेळी उजेड तांब्याचा झाला.
नाव सुटली.
आम्ही वल्ही धरून, कान मागे ठेवून.
ऐजाचा दीपस्तंभ मागे पडला.
खुर्चीतला माणूस हरभऱ्याएवढा,
मग तिळाएवढा.

"झोपला काय रे तो?" सलीम म्हणाला.
मी वल्हवत राहिलो.
समोर पूर्व होती.
आधी हर्णै लागतं,
मग चीन.