एकशेदहा नाकं

रावसो भुयेकरांच्या नव्या बंगल्यात
जिन्याच्या भिंतीला चौदा खिळे ठोकून झालेत.
चौदा पूर्वज पायजेत, म्हणाले,
दसऱ्याच्या आत. फेटा सगळ्यांना, तलवार निम्म्यांना.
फोटो?
फोटो एकच, आजोबांचा, सोसायटीच्या सभेतला,
मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.

मग हेळव्याला बोलावणं गेलं.
यमनाप्पा बैलावरून उतरला,
चहा बशीत ओतला, डोळे मिटले
आणि सुरू झाला:
बहिर्जीचा सिधोजी, सिधोजीचा सुभानजी,
सुभानजीला दोन, थोरला घाट उतरून गेला,
धाकट्याचा खंडेराव.
मी कोळसा धरून बसलेला.
"खंडेराव दिसायला कसा?"
यमनाप्पानं डोळे उघडले नाहीत.
"आमी नावं राखतो. तोंडं न्हाई."

कलानिकेतनात इंगवले सर सांगायचे,
लोडशेडिंगच्या दुपारी, टर्पेंटाइनच्या वासात:
तिकडं स्कॉटलंडात एका राजाला
एकशेदहा बापजादे हवे होते भिंतीवर.
हॉलंडचा एक पेंटर, दोन वर्षांचा करार,
कापड आणि रंग ज्याचे त्यानं आणायचे.
पहिला फर्गस. मग फेरिथारिस, मेनस,
डोर्नाडिला, नोथाटस...
यातले पहिले चाळीसेक तर झालेच नव्हते.
बांधाच्या भगदाडात चिपाडं कोंबावीत
तशी कुणी कुणी काळात नावं कोंबलेली.
राज्याभिषेकाला लाल झग्यातला एक म्हातारा
गुडघे टेकून म्हणायचा,
अमका मॅक तमका मॅक फलाणा.
मॅक म्हणजे ल्योक, सर सांगायचे,
आणि जरा थांबून: म्हणजे हेळवीच की रे.

आठवड्याला एक राजा. पेंटरला सवड कुठली?
एकशेदहा जणांना त्यानं एकच नाक दिलं,
पैसे देणाऱ्याचं.
ते नाक दोन हजार वर्षं मागं मागं चालत गेलं
आणि जिथं माणूसच नव्हता
तिथंही जाऊन बसलं.

मी पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो.
म्हशीखालून सदबा उठला, त्याचे खांदे सिधोजीला.
तालमीतल्या सर्जेरावचा मोडका कान सुभानजीला,
पानपट्टीवाल्या नूरमहंमदची दाढी खंडेरावला,
रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्या
एका रिटायर कंडक्टरचे डोळे, दोघांत वाटून.
नाक मात्र हात आपोआप काढत गेला.
नवव्या पूर्वजापाशी ध्यानात आलं,
हे आपल्या बापाचं.

हिंदुराव पेंटर.
चाळीस फुटी बॅनरवर, शिडीच्या शेवटच्या पायरीवरून
हिरोचं नाक काढायचा,
खाली उतरून रस्त्यापलीकडनं बघायचा,
आणि पुढच्या गुरुवारी तेच पुसून दुसरं.
त्याचं नाव कुठल्याच हेळव्याच्या चोपडीत नाही.
आपण कुठले, विचारलं की म्हणायचा,
"पुलापलीकडचे."

पुसावं वाटलं. चिंधीला रॉकेलही लावलं.
मग बाकीच्या पाचांना
तेच नाक काढलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चित्रं टांगली.
रावसो पायरी पायरीवर थांबत वर गेले,
वरून बायकोला हाक मारली,
"अगं ये, बघ. आमच्यात हे नाक हायच पयल्यापासनं."
आणि आपलं बसकं नाक
दोन बोटांनी जरा पुढं ओढलं.

यमनाप्पाला पायलीभर जोंधळे आणि धोतरजोडी मिळाली.
जाताना तो जिन्याखाली उभा राहिला, बराच वेळ.
भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं, पुन्हा भिंतीकडं.
"तुमच्या वडलांचं नाव?"
"हिंदुराव."
"तेंचे वडील?"
पुढं मला येत नव्हतं.

त्यानं बैलाच्या गळ्यातली घंटा
वाजू नये म्हणून मुठीत धरली.
"असू दे," म्हणाला.
"हितं जरा दम घ्यायचा.
आन् फुडचं नाव म्हनायचं."