वर्षाचे गहू

चैत्र सरता सरता दक्षाबेन जिन्यातून ओरडतात,
‘गव्हाचं काय करताय? टेंपो आलाय, लोकवन आहे.’
गेल्या वर्षी मी पाच किलोची पिशवी घेतली होती.
त्याच्या आदल्या वर्षीही.
जाणाऱ्या माणसानं कोठी भरू नये,
असं कोणी म्हटलं नव्हतं. मलाच वाटलं.

सव्वीस महिने.
अलकापुरीतला एजंट फाइलवर थाप मारून म्हणाला होता,
‘दिवाळी विनिपेगला.’
कुठली, ते विचारायचं राहिलं.

मेडिकल झालं, मुदत संपली, परत झालं.
तीच छाती, तोच गार पत्रा.
पोरगेला टेक्निशियन म्हणाला, ‘श्वास धरा’
आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.
अहमदाबादला दहा बोटं देऊन आले,
ती मात्र दहा वर्षं चालतात म्हणे.
बोटांचं बरं आहे.

बॅग पलंगाखाली. तेवीस किलो, काट्यावर तोललेली.
दर दोन-तीन महिन्यांनी आई त्यातला गोडा मसाला काढते,
वास घेते, आमटीला वापरून टाकते,
आणि ताजा भरून ठेवते.
आत्तापर्यंत आम्ही दोघींनी
विनिपेगचा किती मसाला खाल्ला असेल.

शाळेत मी ‘जाईपर्यंत’ शिकवते.
पगारपत्रकावर तसं लिहीत नाहीत, पण हेडबाई तसंच म्हणतात.
स्कूटर विकली. मग भाड्याच्या रिक्षाचा हिशोब पाहून
तसलीच एक जुनी परत घेतली, चार हजार जास्त देऊन.
दांडिया बाजारात मला ‘कशी आहेस’ विचारत नाहीत,
‘थयुं?’ विचारतात.
मी मान हलवते. पुढच्याचा चेहरा उतरतो
आणि मलाच त्याची समजूत काढावी लागते.

निरंजनची सकाळ होते तेव्हा माझी भांडी घासून झालेली असतात.
तो बर्फ दाखवतो, मी ऊन.
बोलायचं सगळं बोलून झालंय, म्हणून हल्ली
काय जेवलास, कितीला मिळाली कोथिंबीर.
परवा बोलता बोलता म्हणाला, ‘तुमच्याकडे बडोद्याला’.
मी टोकलं नाही.
फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटा पुसत राहिले.

काळ्या घोड्याच्या पुलावर एकदा गर्दी बघून थांबले.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली, जबडा उघडा.
कोणी म्हणे मेली, कोणी म्हणे झोपली.
एका पोरानं खडा टाकला. पापणीही नाही.
झोपलेली नाही, मेलेली नाही,
माझ्या अर्जाचीही नेमकी हीच स्थिती स्क्रीनवर येते:
प्रक्रिया सुरू आहे.
पुलावर एकटीच हसले. लोकांनी मगर सोडून माझ्याकडे पाहिलं.

तर गहू.
‘किती धरायचे?’ मी विचारलं.
आई चष्मा पुसत होती. ‘दोघींचे धर.’
‘आणि मी गेले तर?’
‘तर उरतील. मला दात आहेत अजून.’
तिनं कपाटामागून दिवेलची बाटली काढली,
नवी, सील न तोडलेली.
कधी आणून ठेवली होती कुणास ठाऊक.

तीन मण उतरवले. गच्चीवर चादर टाकली.
तेल कोमट करून तळहातावर घेतलं
आणि दाणा दाणा चोळायला बसलो,
म्हणजे ओंजळ ओंजळ, पण तिला दाणा दाणाच म्हणायचं असतं.
किडे लागत नाहीत मग वर्षभर.
वर्षभर, हा शब्द कितीतरी दिवसांनी
तोंडात घातला. खरखरीत होता. चावता आला.

दुपारी फोन वाजला, टिंग, मेल आल्याचा.
अंगठा टेकवला. फोननं ओळखलं नाही.
पदराला पुसून पुन्हा टेकवला.
दिवेल असं निघत नाही, चिकट असतं फार.
दहा वर्षं चालणारा अंगठा, आणि माझ्याच फोनला पटेना.
नंबर टाकूनही उघडला असता.
पण आई म्हणाली, ‘ऊन उतरतंय, दुसरी कोठी ओढ इकडे.’
मी फोन चादरीच्या कडेला उपडा ठेवला
आणि कोठी ओढली.