टाकीत काय भरायचं

पाकिटाच्या पाठीवर ओडेसाने चार रकाने आखले:
पेट्रोल, डिझेल, गॅस, बॅटरी.
टेनेसीतला एप्रिल. गवत कुणाच्या हिशेबासाठी थांबत नाही.

पेट्रोल रात्री कुणीतरी नळी लावून ओढून नेतं.
डिझेल दणकट,
पण शाळेच्या खिडक्या धडाधड बंद होतात.
गॅस स्वस्त पडेल, म्हणतो विक्रेता,
आणि भरायला जायचं अठरा मैलांवर.
बॅटरीखाली तिने नुसती किंमत लिहिली
आणि पेन्सिल खाली ठेवली.

एउलालियो एकोणीस वर्षं यंत्रावर बसतोय.
रात्री चमचा धरला तरी हात गवतच कापत असतो.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
तिने विचारलं.

तो म्हणाला, परवा ते उसनं आणलेलं बॅटरीवालं
दफनभूमीत चालवत होतो,
तर टिटवी ओरडलेली ऐकू आली.
थांबलो. चाकापुढे वीतभर अंतरावर चार अंडी.

मग गप्प झाला.
बहुधा मागची वर्षं मोजत असावा.

दुपारी दीडलाच बॅटरी संपली,
हेही त्यानेच सांगितलं. तीन एकर उरलं होतं.

ओडेसाने पाकीट उलटं केलं.
आत विजेचं बिल होतं,
अजून न उघडलेलं.