पान त्रेसष्ट

पुस्तक सव्वादोन महिने उशिरा आलं.
दंड निघाला सदतीस रुपये.
नागेश चिप्पा, अकरावी, रात्रप्रशाला,
पत्ता: अशोक चौकामागं, टॉवेलचा कारखाना, वरचा मजला.
बोटांच्या पेरांवर सुताची पांढरी लव.
म्हणाला, "मॅडम, आत्ता नाहीत."
आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आला,
"यातला तो पोरगा पुढं कुठं जातो?"

बावीस वर्षं मी सोलापूरच्या या पेठेत पुस्तकं देते-घेते.
कुमार विभागाचं कपाट माझ्या पाठीशी असतं.
पोरं विचारतात, खुनी कोण.
विचारतात, दुसरा भाग आला का.
हे कुणी विचारलं नव्हतं.
आणि खरं सांगायचं तर ती कादंबरी मी वाचलीच नव्हती,
नुसता शिक्का मारला होता.

रात्री घरी नेली.
सतरा वर्षांची मुलगी आहे तीत,
तिची आई, तिची मैत्रीण, डॉक्टरीणबाई,
तिचे दिवस, तिची बुडालेली परीक्षा,
सगळं जीव लावून लिहिलेलं.
मुलगा आहे पान त्रेसष्टपर्यंत.
तिथं त्याचा बाप त्याला मुंबईच्या एसटीत बसवतो,
धूळ उडते,
आणि लेखिका त्याच्याकडं पुन्हा वळून बघत नाही.

समासात पेन्सिल होती.
मागावरच्या हिशोबाचं बारीक अक्षर:
"मोहोळला उतरला असंल."
कादंबरीतलं गाव कोकणातलं आहे.
तिथून मुंबईला जाताना मोहोळ लागत नाही.

पुढं ती एकटी दवाखान्यात, पान सत्तर.
"शिविलमध्ये बापाला आत सोडत नाहीत. जिन्यात बसलो.
तीन वाजता वॉचमननं अर्धा चहा दिला. वय विचारलं नाही."

पान ब्याऐंशी, कशाशीच संबंध नसलेलं:
"डबा ३१०. डबा आठ दिवस. आठवडा ११००."
खाली वजाबाकी, दोनदा केलेली,
जणू दुसऱ्यांदा जास्त उरेल.

पान नव्वद:
"मान धरायची. मान धरायची.
कुणीतरी आधी सांगायला पायजे होतं."

मुलीचं नाव कुठंच नाही.
मी शोधलं,
मग शोधल्याची लाज वाटली.

पान एकशेचारवर आत्या दारात उभी राहून ओरडते,
"हे पाप कुणाचं?"
तिथं पेन्सिल इतकी दाबलेली
की पलीकडच्या पानावर अक्षरं उलटी उठलीत.
"आमच्यात तान्ह्या मुलीला पाप म्हणतात."
आणि एक ओळ सोडून,
"माझी."

बावीस वर्षं या खिडकीतून ऐकत आले,
समोरच्या चाळीत विड्या वळता वळता
बायका तेलुगूत हाक मारतात, "पाप, इटु रा,"
आणि एखादी चड्डी न घातलेली पोर
धावत जाते त्यांच्या सुपाकडं.
ऐकत आले म्हणजे काय,
कानावर पडत होतं.

नियम असा की समास खोडून पुस्तक जागेवर लावायचं.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
पुस्तकही ड्रॉवरमध्ये आहे.

पंधरा दिवसांनी तो आला, वीज गेली म्हणून,
मागांची खडखड थांबली की पेठ बहिरी झाल्यासारखी होते.
मी म्हटलं, नागेश, तो मुलगा कुठं जातो
ते लेखिकेलाही माहीत नसावं.
त्यानं मान हलवली, जणू हे त्याला ठाऊकच होतं.
"बाळ आजारी पडल्यावरचं काही पुस्तक हाय का?"
अकरा निघाली.
अकराही आईसाठी.
पहिलंच वाक्य, "आई, तू घाबरू नकोस."
त्यानं ते उभ्यानं वाचलं, ओठ हलवत,
एका शब्दापाशी थांबला, पुढं गेला.
"चालंल," म्हणाला.

दंड बाकी असताना नवं पुस्तक देता येत नाही.
वहीत सदतीस रुपये अजून येणे आहेत.