छाट

डोळे मिटून बिडी हातात घेतली
तरी सांगायचो मी, ही इंद्रकलाबाईची.
तोंड असं मुडपलेलं, की नख शिरायला जागा नाही.
हजारात एखादी छाट निघायची तिची,
तीही मी मुद्दाम काढायचो,
मुंशी आहे हे दिसावं म्हणून.

मग कट्टे सैल यायला लागले.
दोरा घसरलेला, जर्दा सुपात सांडलेला,
तेंदूचं पान कैचीखाली तिरकं.
बाई, लक्ष कुठे आहे?
ती डाव्या हाताकडे बघायची,
दुसऱ्याचं पोट्टं मांडीवर येऊन बसल्यासारखी.
"मी नाई हालवत जी. थो सोताच हालते."

बाया हसल्या.
अंगात येतं म्हणावं, तर अर्ध्याच अंगात?
कोणी लिंबू उतरवलं.
साकोलीच्या डॉक्टरनं कंपवात म्हणून गोळ्या दिल्या, दीड वर्ष.
तोंड कोरडं पडलं,
हात काही ऐकला नाही.
पुढे पुढे डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहायची,
घरी पोचल्यावर कळायचं तिला.

नागपूरला, मेडिकलात, डोक्याचा फोटो निघाला.
उजवीकडे गाठ. आवळ्याएवढी.
"गाठीनं हात असा हलणं, हजारात एखाद्याला,"
डॉक्टर म्हणाला म्हणे.
आणि विचारलं, कधीपासून?
नवरा म्हणाला दिवाळी. पोरगी म्हणाली मंडईच्या आधी.
हिवराज गाडी काढून माझ्याकडे आला:
काका, तुमच्या वहीत असंल.

होतं.
चोवीस जुलै, छाट अकरा.
एकतीस जुलै, सव्वीस.
पोळ्याच्या हप्त्यात साठ.
तो मोबाइलात लिहून घेत होता.
प्रत्येक ओळीपुढे, माझ्याच अक्षरात, कापलेले पैसे.
ओघात तेही वाचून गेलो.
त्यानं मान वर केली नाही.

छाट बिडी कोणी फेकत नाही.
तिच्या कितीतरी मीच ओढल्या,
रात्री, हिशेब जुळवताना.
जळायच्या चांगल्या.

ऑपरेशन झालं. टाक्यांवर पदर.
हात बराचसा थांबला,
दमली की करंगळी तेवढी
कोणाला तरी बोलावत राहते.
परवा ओसरीवर येऊन बसली, सूप न आणता.
"लिहा ना जी मुंशी," म्हणाली,
"आज छाट काई नाई."

मी वही उघडली.
तारीख घातली.